खालच्या पायरीवरून

मुलांनो, आपण ज्या खेळाला फुटबॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात. तेथे ‘फुटबॉल’ हे नाव दुसऱ्याच एका खेळाचे आहे. त्या खेळातील चेंडू लांबट असतो आणि खेळाडू तो हातात घेऊन धावतात. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे शहर या खेळासाठी फार प्रसिद्ध आहे. तेथील ‘ग्रीन बे पॅकर्स’ हा संघ साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्याच शहरात ४ डिसेंबर १९७९ रोजी जे डिमेरिट याचा जन्म झाला. पण या मुलाला आवडला सॉकर!

त्या काळी अमेरिकेत सॉकरपटू बहुधा कसा तयार होत असे, ते आधी समजून घ्या. मुलगा प्रथम शाळेच्या संघातून खेळत असे. मग तो विद्यापीठाच्या संघात जाई. शिक्षण संपत आले की मोठ्या लीगमधील संघ एका ठरावीक दिवशी पाळीपाळीने खेळाडूंची नावे पुकारत. ज्याचे नाव पुकारले जाई, त्याला व्यावसायिक संघाचे दार उघडे. ज्याचे नाव येत नसे, त्याला बहुधा दुसरा धंदा शोधावा लागे.

जे शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात शिकत होता. आधी तो आघाडीला खेळायचा. तेथे तो बचावपटू झाला. सुट्टीच्या दिवसांत तो ‘शिकागो फायर प्रीमियर’ या खालच्या लीगमधील संघातून खेळला. अशा संघांत बहुतेक खेळाडू विद्यार्थीच असत. पैसे घेऊन खेळणाऱ्याला विद्यापीठाच्या संघात जागा मिळत नसे. म्हणून हे विद्यार्थी पगाराशिवाय खेळत.

शिक्षण संपले. जेचे नाव कोणत्याही संघाने पुकारले नाही. अमेरिकेची मोठी लीग, म्हणजे ‘मेजर लीग सॉकर’, १९९६ साली सुरू झाली होती. २००२ साली तिच्यात फक्त १० संघ उरले होते. जागा थोड्या आणि खेळाडू फार! शिवाय खालच्या लीगमधील संघ कितीही चांगला खेळला, तरी त्याला वरच्या लीगमध्ये बढती मिळत नव्हती. वर जाण्याचा जिनाच नव्हता, असे म्हणा ना!

इंग्लंडमध्ये मात्र असा जिना आहे. सर्वांत वर २० संघांची ‘प्रीमियर लीग’ असते. तिच्याखाली ‘चॅम्पियनशिप’, तिच्याखाली आणखी दोन लीग, आणि त्यांच्याखाली गावोगावच्या लहान संघांच्या कितीतरी लीग असतात. दरवर्षी प्रीमियर लीगमधील शेवटचे ३ संघ खाली उतरतात आणि चॅम्पियनशिपमधील ३ संघ वर चढतात. खालच्या पायऱ्यांवरही अशीच चढ-उतार चालते. म्हणून मोठे संघ लहान संघांच्या खेळाडूंवरही नजर ठेवतात.

जेने इंग्लंडला जाण्याचे ठरवले. पण दुसऱ्या देशात खेळायला परवाना लागतो. युरोपबाहेरच्या नवख्या खेळाडूला तो तेव्हा सहजासहजी मिळत नसे. जेचे आजोबा डेन्मार्कचे होते. त्या नात्याने त्याला युरोपात काम करण्याचा हक्क मिळाला. २००३ साली पाठीवर एक पिशवी आणि खिशात सुमारे १,८०० डॉलर घेऊन तो लंडनला पोहोचला. तेथे त्याला कोणताही संघ ओळखत नव्हता.

लंडनच्या पश्चिमेला साउथॉल नावाचा भाग आहे. भारत आणि पाकिस्तानातून गेलेली पुष्कळ कुटुंबे तेथे राहतात. तेथील ‘साउथॉल टाउन’ या लहानशा संघात जेला जागा मिळाली. हा संघ जिन्याच्या अगदी खालच्या पायऱ्यांपैकी एकीवर होता. मानधन होते आठवड्याला ४० पौंड. लंडनसारख्या महागड्या शहरात एवढ्या पैशांत खोलीचे भाडेही निघत नाही. जे एका मित्राच्या घरच्या माळ्यावर राहिला. पण खेळणे त्याने सोडले नाही.

२००४ च्या उन्हाळ्यात तो ‘नॉर्थवूड’ या दुसऱ्या लहान संघाबरोबर सराव करू लागला. हंगाम सुरू होण्यापूर्वी मोठे संघ शेजारच्या लहान संघांशी मैत्रीचे सामने खेळतात. तसा एक सामना नॉर्थवूड आणि ‘वॉटफर्ड’ यांच्यात झाला. वॉटफर्ड तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये होता. त्याचे व्यवस्थापक रे लुइंग्टन यांना जेचा खेळ आवडला. त्यांनी त्याला चाचणीसाठी बोलावले आणि पुढे एका वर्षाचा करार दिला. ज्याला आपल्या देशात संघ मिळाला नव्हता, तो आता इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडू झाला!

पुढची गोष्ट तर आणखी मोठी आहे. त्या वेळी चॅम्पियनशिपमधील पहिले दोन संघ सरळ वर जात. तिसऱ्या जागेसाठी पुढच्या ४ संघांत सामने होत. २००६ साली वॉटफर्ड तिसरा आला. उपान्त्य फेरी जिंकून तो अंतिम सामन्यात पोहोचला. २१ मे २००६ रोजी कार्डिफ येथे लीड्स युनायटेडशी त्याची गाठ पडली. जिंकणाऱ्या संघाला प्रीमियर लीगमध्ये जागा आणि कोट्यवधी पौंड मिळणार होते. पहिल्याच अर्ध्या भागात ॲश्ली यंगने कॉर्नरवरून चेंडू उचलून दिला. बचावपटू जे पुढे धावत आला, त्याने उंच उडी घेतली आणि डोक्याने चेंडू जाळ्यात मारला. वॉटफर्डने सामना ३-० असा जिंकला. तीन वर्षांपूर्वी आठवड्याला ४० पौंडांवर खेळणारा जे आता प्रीमियर लीगचा खेळाडू होणार होता.

प्रीमियर लीगमध्ये वॉटफर्डचा टिकाव लागला नाही. एका वर्षातच संघ खाली उतरला. जिन्याचा हाही नियम लक्षात ठेवा. तो चढवतो, तसा उतरवतोही. पण जेची वाटचाल थांबली नाही. २००७ साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात आला. २००९ साली दक्षिण आफ्रिकेतील कॉन्फेडरेशन्स चषकात अमेरिकेने स्पेनला २-० असे हरवले. त्याआधी स्पेन सलग ३५ सामने अजिंक्य होता. त्या दिवशी अमेरिकेच्या बचावफळीत जे होता.

त्याच वर्षी त्याच्यावर मोठे संकट आले. त्याच्या एका डोळ्याला इजा झाली आणि तिच्यात संसर्ग झाला. डॉक्टरांना बुबुळावरचे पारदर्शक पटल बदलावे लागले. असे पटल नेत्रदान करणाऱ्या माणसाकडून, त्याच्या मृत्यूनंतर मिळते. म्हणजे एका अनोळखी माणसाच्या दानामुळे हा खेळाडू पुन्हा नीट पाहू शकला. काही महिन्यांत तो मैदानावर परतला. २०१० च्या विश्वचषकात अमेरिकेचे चारही सामने तो खेळला. त्यांतला पहिला इंग्लंडविरुद्धच होता आणि तो १-१ असा बरोबरीत सुटला.

पुढे कॅनडातील ‘व्हँकूव्हर व्हाइटकॅप्स’ हा संघ मेजर लीग सॉकरमध्ये दाखल झाला. त्या लीगसाठी या संघाने सर्वांत आधी जेला करारबद्ध केले आणि त्याला कर्णधार नेमले. ज्या लीगने एकेकाळी त्याचे नाव पुकारले नव्हते, तिच्यातच तो कर्णधार म्हणून उतरला. दुखापतींमुळे २०१४ साली तो निवृत्त झाला.

मुलांनो, खालच्या लीगमधला प्रत्येक खेळाडू जेप्रमाणे वर पोहोचत नाही, हेही खरे आहे. पुष्कळजण थोड्या पगारावर लहान शहरांत खेळतात. हंगाम संपला की मुलांना खेळ शिकवून किंवा दुसरे काम करून घर चालवतात. तरी कधीकधी तेही मोठ्यांना धक्का देतात. ‘यू. एस. ओपन कप’ या स्पर्धेत लहान-मोठे संघ एकमेकांशी भिडतात. १९९९ साली खालच्या लीगमधील रॉचेस्टरच्या संघाने ती स्पर्धा जिंकली. २०२२ साली सॅक्रामेंटोचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. २०२५ साली अमेरिकेतील ‘यूएसएल’ या संस्थेच्या संघमालकांनी आपल्या लीगमध्ये चढ-उताराची पद्धत आणण्याच्या बाजूने मत दिले.

जेपाशी मेहनत होती आणि हिंमतही होती. पण तेवढ्यानेच काम झाले नसते. वर जाणारा एक जिना कोठेतरी असावा लागतो. तो जेला परक्या देशात सापडला. अमेरिकेतील मुलांना तो आपल्याच देशात सापडेल का, हे पुढची काही वर्षे सांगतील.

शब्दार्थ
बचावपटू – आपल्या गोलाचे रक्षण करणारा खेळाडू
मानधन – कामाबद्दल दिलेली रक्कम
करार – दोघांनी मान्य केलेल्या अटींचा लेख
अजिंक्य – ज्याला कोणी हरवू शकले नाही असा
टिकाव लागणे – टिकून राहणे
निवृत्त होणे – काम किंवा खेळ कायमचा सोडणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जे डिमेरिटचा जन्म कोठे झाला?
(आ) साउथॉल टाउन संघात त्याला किती मानधन मिळत असे?
२. इंग्लंडमधील लीगची पद्धत अमेरिकेतील पद्धतीपेक्षा कशी वेगळी आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. ‘टिकाव लागणे’ आणि ‘नजर ठेवणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. मेहनत, हिंमत, करार हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधा.