यंत्राच्या दुभाष्याची परीक्षा

हदगावला आमच्या प्रयोगशाळेत तापमान मोजणारे एक जुने उपकरण संगणकाला जोडायचे होते. सोबतच्या तबकडीवरून त्याचा ‘ड्रायव्हर’ चढवायला घेतला, तर संगणक हटूनच बसला. या ड्रायव्हरवरील डिजिटल सही पडताळता येत नाही, असे पडद्यावर उमटले. शेजारी उभ्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, उपकरण चांगले आहे, मग सही कोणाची हवी?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. आपल्या जिल्ह्यात देगलूर, धर्माबादकडे बाजारात मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषा ऐकू येतात. दोन्ही भाषा जाणणारा माणूस मध्ये असला, की सौदा सुरळीत होतो. ड्रायव्हर हा असाच दुभाषी. संगणकाची आज्ञा तो उपकरणाला समजावतो आणि उपकरणाचे उत्तर संगणकाला. पण दुभाष्याने भलतेच सांगितले तर?

येथे धोका अधिक असतो. साधे प्रोग्रॅम ओसरीवरच्या पाहुण्यासारखे असतात. पाहुणा चुकला, तर तेवढ्यालाच बाहेर काढता येते. पुष्कळसे ड्रायव्हर मात्र थेट माजघरात, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात वावरतात. तेथे एक चूक झाली, की अख्खा संगणक बंद पडतो.

म्हणून ड्रायव्हरची परीक्षा घेतात. विंडोज या कार्यप्रणालीसाठी मायक्रोसॉफ्टने चाचण्यांचा एक संच तयार केला आहे. उपकरण बनवणारी कंपनी आपल्या प्रयोगशाळेत तो चालवते. संगणक झोपवायचा, जागा करायचा. उपकरण बंद करायचे, पुन्हा सुरू करायचे. मुद्दाम निरर्थक आज्ञा द्यायच्या आणि ड्रायव्हर कोलमडतो का ते पाहायचे! निकाल मायक्रोसॉफ्टकडे पाठवला, की तपासून ड्रायव्हरवर सही होते. विंडोज १०च्या २०१६ मधील आवृत्तीपासून गाभ्यातल्या नव्या ड्रायव्हरला साधारणपणे मायक्रोसॉफ्टचीच सही लागते. पूर्ण चाचण्या न देता, कंपनीच्या हमीवर सही मिळण्याचीही एक वाट आहे. मात्र तिने ‘प्रमाणित’ हे बिरूद मिळत नाही.

आता ही सही असते तरी कशी? महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. त्यावर शाईची सही नसते, तरी तो चालतो. तेथेही तत्त्व हेच. प्रथम संपूर्ण फाईलवरून गणिताने एक ठरावीक लांबीची संख्या काढतात. तिला फाईलचा ठसा म्हणू. फाईलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. मग सही करणारा आपल्या गुप्त किल्लीने ठशावर क्रिया करतो. जाहीर किल्ली कोणालाही मिळते. तिने सही तपासता येते, करता मात्र येत नाही.

रिव्हेस्ट, शामीर आणि ॲडलमन यांनी १९७७ साली शोधलेली रीत छोट्या आकड्यांनी पाहू. समजा ठसा २ आहे आणि गुप्त किल्ली ७. २चा सातवा घात १२८. त्याला ३३ने भागले, की बाकी २९. ही झाली सही! जाहीर किल्ली ३ घ्या. २९चा घन २४३८९. ३३ने भागल्यावर बाकी उरते २. मूळ ठसा परत मिळाला! प्रत्यक्षात ३३च्या जागी शेकडो अंकी संख्या असते. तिचे अवयव पाडणे अतिशय अवघड असते, आणि त्यामुळेच गुप्त किल्ली सुरक्षित राहते.

तरी सही म्हणजे सर्व काही नव्हे. २०१० साली सापडलेल्या ‘स्टक्सनेट’ या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरांवर खऱ्या सह्या होत्या. तैवानच्या रियलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या किल्ल्या चोरून त्या केल्या होत्या. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीचा ड्रायव्हर तर रीतसर प्रमाणित होता; पण त्याने वाचायची नवी माहितीची फाईल सदोष निघाली. जगभर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशात काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. सही सांगते की वस्तू कोणाची आहे आणि वाटेत बदललेली नाही. ती निर्दोष आहे की नाही, हे चाचण्याच सांगणार, आणि त्याही जेवढ्या घेतल्या तेवढ्यापुरतेच.

आमच्या संगणकावरची तपासणी बंद करून काम लगेच भागले असते. पण त्याच संगणकात विद्यार्थ्यांचे गुण साठवलेले होते. म्हणून आम्ही उत्पादकाचा सही असलेला नवा ड्रायव्हर मागवला. चार दिवस गेले. मग पडद्यावर तापमान उमटले.

आता तुमचे काम. ठसा ३ असेल, तर वरच्याच किल्ल्यांनी सही कोणती येईल? उत्तर ९ आले, तर जाहीर किल्लीने ते स्वतः पडताळून पाहा. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका!