किनारा मोजायचा कशानं?

भारताच्या नकाशावर नांदेड शहरात कर्कटकाचं टोक रोवा आणि समुद्र लागेपर्यंत पेन्सिल पसरवत न्या. पश्चिमेला मुरूड-हर्णैच्या आसपास अरबी समुद्र लागतो, सरळ रेषेत साधारण ४७० किलोमीटरवर. पेन्सिल आणखी तीसेक किलोमीटर ताणली की आंध्रात चिराळ्याजवळ बंगालचा उपसागर हाती येतो. एवढाच फरक. तरीही नांदेडच्या घरात ‘समुद्राला जाऊ’ म्हटलं की गाडीचं तोंड पश्चिमेकडंच वळतं. चिराळ्याचं नाव कुणी काढत नाही.

गोदावरीचा हिशेब मात्र उलटा आहे. ती त्र्यंबकेश्वरला उगवते तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून जेमतेम ८० किलोमीटरवर असतो. त्याच्याकडं पाठ फिरवून ती १,४६५ किलोमीटर चालते आणि पूर्वेच्या समुद्राला मिळते. नांदेडच्या घाटावरून सुटलेल्या पाण्याला अजून आठशेवर किलोमीटर जायचं असतं. लातूरची मांजरा तर त्याहून हट्टी. अरबी समुद्र लातूरपासून सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरवर आहे, पण ही नदी आग्नेयेला बीदरकडं जाते, तेलंगणात शिरते, तिथून उत्तरेला वळते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. थोडक्यात, आपल्याकडं पडणारा पाऊस कोकणात कधीच जात नाही. जायचं तर माणसानंच.

माणसाची सोय आता बरी झाली आहे. नागपूरकडून येणारा रस्ता नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा करत तुळजापूरला पोचतो. तिथून सोलापूर, मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून थेट रत्नागिरी. कागदावर हे मुख्यतः दोन राष्ट्रीय महामार्ग आहेत, ३६१ आणि १६६, पण चालवणाऱ्याला तो एकच रस्ता वाटतो. नांदेडहून रत्नागिरी साधारण सव्वासहाशे किलोमीटर, लातूरहून पाचशेच्या आत. कर्कटकानं ४७० सांगितले होते. पण पेन्सिलीला घाट लागत नाही, टोलनाका लागत नाही आणि मंगळवेढ्याला चहासाठी थांबावंसंही वाटत नाही.

याच पट्ट्यात देवीची तीन पूर्ण पीठं आहेत. नांदेड जिल्ह्यात माहूर, मग तुळजापूर, मग कोल्हापूर. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं समुद्राला म्हणून निघतात आणि पहिला दिवस दर्शनातच जातो. त्यात काही बिघडत नाही, फक्त तो दिवस आधीच हिशेबात धरावा. ही पीठं जोडण्याच्या नावानं आखलेल्या पवनार ते पत्रादेवी या शक्तिपीठ महामार्गाची लांबी ८०२ किलोमीटर आणि खर्च ८६ हजार कोटींच्या घरात सांगितला गेला. भागाकार करून पाहा: एका किलोमीटरला १०७ कोटी, एका मीटरला दहा लाखांच्या वर. ज्या शेतकऱ्याच्या बागायतीतून तो मीटर जाणार, त्यानं विरोध केला यात मला तरी नवल वाटत नाही.

हा प्रवास नवा नाही. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, जुनं नाव तगर. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणपासून पूर्वेला तगर आणखी दहा दिवसांवर, आणि माल बैलगाड्यांनी जातो, असं त्यात नोंदवलं आहे. बंदर ते तगर तीस दिवस! आज तेरचा माणूस सकाळी निघाला तर रात्री रत्नागिरीत जेवतो. दोन हजार वर्षांपूर्वी या भागातलं कापड समुद्रापार जात होतं आणि तेरच्या मातीतून रोमन धाटणीच्या वस्तू निघाल्या आहेत. आपण समुद्रापासून तुटलेले आहोत ही समजूत अलीकडची असावी.

मिरज आलं की लातूरकरानं गाडी जरा हळू करावी. एप्रिल २०१६ मध्ये याच मिरजेतून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, रुळांवरचं अंतर ३४२ किलोमीटर. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यात पाच लाख लिटर पाणी. ऐकायला आकडा भरघोस वाटतो. पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार होती. म्हणजे माणशी सव्वा लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, २५ लाख लिटरची. माणशी साडेसहा लिटर, म्हणजे अंघोळीची अर्धी बादलीही नाही. लातूरला वर्षाचा पाऊस सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तर याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. मधल्या पाचशे किलोमीटरमध्ये आभाळ चौपट होतं.

खालचा दगड मात्र बदलत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि आजही जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं विंधन घेतलं तेव्हा या काळ्या दगडाची जाडी ३३८ मीटर भरली. देगलूरकडं तो संपतो आणि ग्रॅनाइट वर येतो. सह्याद्रीत तो कितीतरी जाड होतो आणि कोकणात त्याचाच पावसानं कुजून लाल जांभा झालेला दिसतो. रत्नागिरीच्या घरांचे ते लाल चिरे म्हणजे मुळात आपलाच काळा पाषाण.

आता खरी गंमत. समुद्राला पोचलात, पुढं किनाऱ्यानं जायचं, तर तो किनारा लांब किती?

शाळेत आपण घोकलं: महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात तोच किनारा ८७७.९७ किलोमीटर झाला. देशाचा ७,५१६.६ होता, तो ११,०९८.८१ झाला. गोवा १०१ वरून १९४ वर गेलं. पश्चिम बंगालनं तर कमाल केली, १५७ वरून थेट ७२१! आपल्याला जो आकडा शाळेत आपला म्हणून पाठ करायला लावला, जवळजवळ तोच आता बंगालच्या नावावर आहे. जमीन कुणाचीच वाढली नाही, समुद्र कुठं हटला नाही. बदलली ती मोजपट्टी. जुनं मोजमाप ज्या नकाशावरून झालं, त्यात एका सेंटिमीटरमध्ये ४५ किलोमीटर बसत होते, म्हणजे तुळजापूर ते सोलापूर हे अख्खं अंतर नखाएवढ्या रेघेत. नव्या मोजमापाच्या नकाशात एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर आले. आधी न दिसलेल्या खाड्या, वळणं, भूशिरं दिसू लागली आणि प्रत्येकानं आपली लांबी मागितली.

ही अडचण लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाला सरहद्दींचा अभ्यास करताना दिसली होती. स्पेन आणि पोर्तुगाल यांची सीमा एकच, पण एका देशाच्या कागदात ती ९८७ किलोमीटर, दुसऱ्याच्या कागदात १,२१४. बेनुआ मांडेलब्रोनं १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रिटनचा किनारा किती लांब, असा साधा दिसणारा प्रश्न विचारला आणि उत्तर दिलं की ते तुमच्या पट्टीवर अवलंबून आहे. पट्टी जेवढी लहान, तेवढा किनारा लांब. महाराष्ट्राचं वरचं टोक आणि खालचं टोक सरळ जोडलं तर पाचशे किलोमीटर भरतात. जुन्या पट्टीनं ७२०, नव्या पट्टीनं ८७८. उद्या कुणी मुंगीच्या पावलांनी प्रत्येक खडकाला वळसा घालत मोजलं, तर आकडा हजारोंच्या पुढं जाईल आणि तोही खोटा नसेल.

सहलीचं नियोजन फसतं ते नेमकं इथं. मोबाइलवर गणपतीपुळे ते हर्णै बोटभर दिसतं आणि आपला माणूस लातूर-सोलापूरच्या सवयीनं म्हणतो, दोन तासांत होईल. लातूरकडच्या रस्त्यावर तासाला साठ-सत्तर किलोमीटर निघतात. किनाऱ्याच्या रस्त्यावर मी पंचवीस-तीस धरतो. कारण हा रस्ता समुद्राशी नाही, खाड्यांशी बोलत जातो. शास्त्री, वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका या नद्या सह्याद्रीतून उतरून समुद्राला मिळताना जमीन आतपर्यंत चिरत येतात. समोरचं गाव डोळ्यांनी दिसतं, देवळाचा कळसही दिसतो, पण चाकांवर पोचायचं तर तास दोन तास मोडतात.

म्हणूनच रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, लोकांच्या तोंडी आहे. रेवस-रेड्डी सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर, महामार्गाची आखणी सुमारे पाचशे. लातूरहून रत्नागिरीला येताना जेवढं अंतर तोडलं, तेवढंच. आता त्यावरच्या मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं चाललं आहे. तोवर चार ठिकाणी गाडी बोटीवर चढवावी लागते: जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, बागमांडला-वेशवी आणि आगरदांडा-दिघी. मला विचाराल तर ही तक्रारीची गोष्ट नाही, सहलीतला सर्वात चांगला भाग हाच. दाभोळची खाडी बोटीनं काही मिनिटांत ओलांडली जाते. बोट नसेल तर चिपळूणकडून वळसा घालून शंभराच्या वर किलोमीटर.

मुक्काम ठरवताना पहिली गोष्ट कबूल करावी: आपला रस्ता किनाऱ्याच्या मधोमध येऊन आदळतो. उत्तरेला आणि दक्षिणेला एकाच सुट्टीत जायचा मोह टाळा. पहिली रात्र कोल्हापूर, नांदेडकरांसाठी तर नक्कीच, कारण पाचशे किलोमीटरनंतर अंधारात आंबा घाट उतरण्यात शहाणपण नाही. दक्षिणेला गेलात तर गाडी बोटीवर चढवायची वेळ येत नाही. विजयदुर्ग किंवा देवगड, मग मालवण, मग वेंगुर्ला, आणि आंबोलीवरून परत कोल्हापूर. उत्तरेला गेलात तर गणपतीपुळे, गुहागर, हर्णै, श्रीवर्धन आणि अलिबाग-मुरूडचा पट्टा असे मुक्काम पडतात, परतीला पुणे. गणपतीपुळे ते गुहागर जेमतेम साठ किलोमीटर आहे, हे पाहून त्या दिवशी पुढचाही टप्पा घुसडू नका. हेदवी, वेळणेश्वर, जयगडची बोट यातच दिवस सरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेशवीच्या पुढं वेळास आहे. तिथं कासवाच्या एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असं मानतात.

उत्तरेचा फेरा, पुण्याहून परत, आणि मधलं वाकडंतिकडं फिरणं धरलं तर नांदेडच्या गाडीचा काटा दोन हजारांच्या जवळ जातो. साध्या गाडीचं चाक एवढ्यात दहा लाखांवर वेळा फिरतं. आणि एवढं करून दिसतो किती समुद्र? वाळूवर उभ्या माणसाला क्षितिज पाच किलोमीटरच्याही आत असतं. साठ मीटर उंच कड्यावर चढलात तर सत्तावीस. रत्नागिरीहून नाकासमोर पश्चिमेला गेलं तर पहिली जमीन ओमानच्या मिरबातजवळ लागते, साधारण दोन हजार किलोमीटरवर. आपण जेवढं फिरून आलो तेवढंच पाणी, सलग.

जून-जुलैत हा बेत करू नका. समुद्र खवळलेला असतो, मासेमारी बंद असते आणि घाटात दरडी कोसळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त दिवाळी आणि नाताळच्या आठवड्यात खोली आधी ठरवल्याशिवाय घराबाहेर पडू नका. धपाटे आणि शेंगांची चटणी डब्यात असू द्या, कारण दोन मोठ्या गावांच्या मध्ये भूक लागली तर हॉटेल असेलच असं नाही. आणि दररोज सकाळी निघताना किलोमीटर विचारू नका, पुढच्या खाडीवरची शेवटची बोट किती वाजता सुटते ते विचारा.