पाचोळ्यातली मेथी

नर्सरीत शिरलात की खिसा हलका झालाच म्हणून समजा. रंगीत कुंड्या, कोकोपीटच्या विटा, चकचकीत पाकिटातलं बियाणं, गांडूळखताची पिशवी, वर एक छोटंसं खुरपं. घरी येऊन हिशेब केला की कळतं, एवढ्या पैशांत मंडईतून कितीतरी महिन्यांची भाजी आली असती. खायच्या भाजीसाठी बाग करायची असेल तर नर्सरीच्या आधी भंगारवाल्याकडे जावं आणि त्याच्याही आधी झाडलोट करणाऱ्या मावशींकडे.

पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझी बाग आहे, आणि तिचा बहुतेक पसारा फुकटात जमलेला आहे. जिथे रंगकाम निघतं तिथे 20 लिटरच्या रिकाम्या बादल्या मिळतात. मासळी बाजारातली थर्माकोलची खोकी उथळ असतात, पण पालेभाजीला तेवढी खोली पुरते. बादलीला भोकं पाडताना तापवलेली सळई तळाला लावू नका. तळापासून दोन बोटं वर, बाजूला लावा. खाली थोडं पाणी साठून राहतं आणि एप्रिलच्या उन्हात एखाद्या दिवशी पाणी घालायचं राहिलं तरी झाड तग धरतं.

खरा खर्च असतो तो मातीचा. ती विकत घ्या, जिन्यावरून वाहून न्या, आणि ओली झाली की स्लॅबवर तिचा भार पडतो तो वेगळाच. म्हणून माती कमीत कमी. बादलीच्या तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडं तुकडे करून, मग पाचोळा दाबून दाबून काठोकाठ. अधूनमधून भाज्यांची सालं-देठं आणि आंबट ताकात कालवलेलं थोडं शेण. शिजलेलं, तेलकट, खारट काही टाकायचं नाही. पहिल्या काही दिवसांत आत हात घातला तर चक्क गरम लागतं. मग भर बसत जाते, बादली निम्मी होते, पुन्हा पाचोळा भरायचा. घाण वास सुटला तर ओलं जास्त झालं असं समजून सुका पाचोळा टाका. काहीच कुजत नसेल तर पाणी शिंपडा. करड्या, जाड अळ्या वळवळताना दिसल्या की घरचे किंचाळतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. कुजका कचरा खातात, जित्या झाडाच्या वाटेला जात नाहीत. त्यांना राहू द्या. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं तर विस्कटावा, असं झालं की वर चार बोटं माती पसरून पेरायला हरकत नाही.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात प्रीती पाटील यांनी हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. तिथला ओला कचरा गच्चीवरच जिरवला आणि त्यावर भाज्याच काय, फळझाडंही वाढवली.

बियाणं बरंचसं फडताळातच असतं. मेथ्या, मोहरी, चवळी, धने. धने मात्र तसेच पेरू नयेत. एका धन्यात दोन बिया असतात. लाटणं हलक्या हाताने फिरवून त्याच्या फाका करायच्या आणि रात्रभर भिजवायच्या. एवढं करूनही कोथिंबीर आठ-दहा दिवस वाट बघायला लावते. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि महिन्याभरात ताटात. पुदिन्याची काडी आणि मायाळूच्या वेलाचा तुकडा नुसता खोचला तरी धरतो. टोमॅटोचं बी उगवतं खरं, पण बाजारातलं फळ बहुधा संकरित वाणाचं. त्याची पुढची पिढी तशीच निघेल याची खात्री नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती देशी वाण राखल्याबद्दल. तोच कित्ता गच्चीवर गिरवता येतो. वालाच्या वेलावरची सगळ्यात चांगली शेंग खायची नाही, वेलावरच वाळू द्यायची आणि बी राखेत घोळून ठेवायचं. पुढच्या वर्षीचं पाकीट वाचलं.

चवळीवर मुंगळ्यांची ये-जा सुरू झाली की मावा आला म्हणून समजा. पाण्याचा जोरदार फवारा मारा, रोज मारा.

आणि सगळंच घरी पिकवायचा हट्ट नको. कांदे, बटाटे, कोबी गच्चीवर लावण्यात राम नाही. जागा अडवतात आणि हाती लागतं थोडं. रोज चिमूट-मूठ लागतं ते लावा: कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, पुदिना, अळू. विकतच्या जुडीतली अर्धी कोथिंबीर फ्रिजमध्ये काळी पडते. गच्चीवरची लागेल तेवढीच खुडता येते. पैसे वाचतात ते तिथे. चार-पाच तास ऊन मात्र हवंच. त्याला पर्याय नाही.

मावशींना आजच सांगून ठेवा: पानं जाळू नका, गोणीत भरून ठेवा. वर त्यांना चहाही पाजा. वर्षभर पुरेल एवढा पाचोळा फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीतच मिळतो.