विश्लेषण : स्पॅनिशमध्ये ‘बोल’ आणि ‘बोला’ यांत मराठी कान का फसतो?

मित्राला ‘बोल’, काकांना ‘बोला’. शेवटी ‘आ’ लागला की मान दिला, हे मराठी कानात पक्के बसलेले असते. स्पॅनिश शिकताना हाच कान दगा देतो. तिथे ‘आब्ला’ म्हणजे मित्राला सांगायचे ‘बोल’. काकांना म्हणायचे ‘आब्ले’. उलटे केले तरी अर्थ कळतो, पण अनोळखी ज्येष्ठाला ती सलगी वाटू शकते.

नियम काय?

स्पॅनिश क्रियापदांची मूळ रूपे ‘आर’, ‘एर’ किंवा ‘ईर’ने संपतात. उदाहरणार्थ आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), एस्क्रिबीर (लिहिणे). क्रियापद नियमित असेल, तर ‘तू’ला आज्ञा करण्यासाठी नवे काही पाठ करावे लागत नाही. ‘तो बोलतो’, ‘तो खातो’ यासाठी जे रूप, तेच चालते: आब्ला, कोमे, एस्क्रीबे.

समोर ‘उस्तेद’ म्हणजे आदरार्थी ‘आपण’ असेल, तर शेवटच्या स्वरांची अदलाबदल होते. ‘आर’ गटात ‘आ’च्या जागी ‘ए’, बाकी दोन गटांत ‘ए’च्या जागी ‘आ’. म्हणून आब्ले; पण कोमा, एस्क्रीबा. म्हणजे पाहुण्यांना जेवायचा आग्रह करताना मराठी कान बरोबर ठरतो, बोलायला सांगताना चुकतो. त्यात ‘आर’ गट सर्वांत मोठा, त्यामुळे चुकण्याचे प्रसंगही अधिक.

अदलाबदल कशासाठी?

‘उस्तेद’ हा शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’ या जुन्या दरबारी संबोधनातून झिजत आला. आपल्या ‘हुजूर’सारखेच ते. अशा व्यक्तीला थेट आज्ञा कशी करणार? म्हणून इच्छा व्यक्त करणारे रूप वापरले गेले. आपणही ‘बस’, ‘बसा’ यांच्या पुढे जाऊन ‘आपण बसावे’ म्हणतोच की! मराठीचा हा विध्यर्थ ध्यानात ठेवला, तर ‘आब्ले’ परके वाटत नाही.

अनेकांना सांगायचे असेल तर?

आदरार्थी रूपाला ‘न’ जोडायचा: आब्लेन, कोमान, एस्क्रीबान. लॅटिन अमेरिकेत मित्रांच्या घोळक्यालाही हेच चालते. स्पेनमध्ये मात्र मित्रांसाठी मूळ रूपातला ‘र’ काढून ‘द’ लावतात: आब्लाद, कोमेद, एस्क्रिबीद. अर्जेंटिनाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे एकट्या मित्रालाही नुसता ‘र’ गाळून, शेवटच्या स्वरावर जोर देऊन सांगतात.

प्रवासात उपयोग काय?

स्पेनमधल्या दारांवर ‘एम्पुखे’ (ढकला) आणि ‘तीरे’ (ओढा) लिहिलेले असते. दोन्ही ‘आर’ गटातली आदरार्थी रूपे. ‘एस्पेरे’ म्हणजे थांबा, वाट पाहा. अडचणीत सापडलात, तर अनोळखी माणसाला ‘आयूदेमे’ म्हणा, म्हणजे ‘मला मदत करा’. यातला ‘मे’ म्हणजे ‘मला’. होकारार्थी आज्ञेत तो क्रियापदाच्या शेपटीलाच चिकटतो. सोबतच्या मित्राला हाक मारायची असेल, तर ‘आयूदामे’.

हे सगळे होकारार्थी आज्ञेपुरतेच. ‘बोलू नकोस’ म्हणायचे झाले, तर मित्रालाही ‘ए’च लागतो: ‘नो आब्लेस’.