एक बंडल, दोन अर्थ

आमचे एक मामा साताऱ्यास सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले. त्यांच्या लेखी 'बंडल' हा शब्द मोठा आदरणीय. निकालात निघालेल्या प्रकरणांची बंडले, त्यांवरील फीत, क्रमांक, तारीख. एखादे हरवले तर नोकरीवरच गदा! पुढे त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, लाल फडक्यात बांधल्या आणि वर चिठ्ठी डकविली : 'माझ्या आठवणी, बंडल १ ले.' ते एस्. टी. ने सांगलीस नातवाकडे रवाना झाले.

नातवाच्या मित्रांनी चिठ्ठी वाचली मात्र, त्यांची हसून मुरकुंडी वळली. मामा सांगलीस गेले तेव्हा नातू निर्मळपणे म्हणाला, "आजोबा, बंडल म्हणजे थाप हो! तुम्हीच वर लिहून ठेवलेत!" मामाही हसले, परंतु परतल्यावर दोन महिने त्यांनी लेखणी उचलली नाही.

वास्तविक मुलांचा तरी अपराध काय? विड्यांचे, नोटांचे, वर्तमानपत्रांचे बंडल हा सरळ अर्थ. 'बंडल मारणे' म्हणजे थाप ठोकणे आणि टाकाऊ नाटक ते 'बंडल नाटक', हा कट्ट्यावरचा. इंग्रजीत 'असत्यांचे गाठोडे' असा वाक्प्रचार आहे. त्यातील असत्ये गळून नुसते गाठोडे आपल्याकडे उरले असावे, असा आमचा तर्क आहे. तर्कच, पुरावा नव्हे. खुद्द इंग्रजांच्या सैल बोलीत हाच शब्द घसघशीत पैशालाही लावतात! आपल्याकडे त्यास फारसी 'बाज' चिकटून 'बंडलबाज' झाला, आणि १९७६ साली शम्मी कपूर यांनी दिग्दर्शित केलेल्या हिंदी चित्रपटास तेच नाव मिळाले. शिवाय भाषाशास्त्रज्ञांच्या मते या शब्दाचे मूळ आणि संस्कृत 'बन्ध्' धातू एकाच प्राचीन कुळातले. म्हणजे परका म्हणून हाकलावे, तर तो दूरचा भाऊबंदच निघावयाचा.

मामांनी निराळीच तोड काढली. अर्ध्यावर राहिलेल्या पुढच्या गठ्ठ्यावर त्यांनी 'दप्तर २ रे' असे लिहिले. 'दप्तर' हा शब्द फारसीतून आला, फारसीत तो ग्रीकांकडून गेला, आणि तेथे त्याचा अर्थ कातडे असा होता, हे आम्ही त्यांस मुद्दामच सांगितले नाही.

परवा नातवाचे पत्र आले : "पहिले बंडल वाचून संपले. १९६७ च्या कोयना भूकंपाची ती पहाट दोनदा वाचली. दुसरे केव्हा पाठविता?" मामांनी पत्रातील 'बंडल' या शब्दाखाली तांबड्या शाईने रेघ ओढली, आणि दप्तर सोडून ते लिहावयास बसले.