परक्या खिडकीला निरोप : समज आणि वस्तुस्थिती

हिशेबाचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, फाइल आयात करायची सोय नाही आणि एक्सेलमधल्या 400 नोंदी त्यात हाताने भरायच्या आहेत. मग ऑफिसातल्या कुणाला तरी सुचतं : छोटा प्रोग्रॅम लिहू, तोच रकाने भरेल आणि ‘सेव्ह’ दाबेल. विंडोजवर हे खरोखर जमतं. पहिला प्रयत्न मात्र बहुधा फसतो, आणि त्यामागचे गैरसमज ठरलेले असतात.

गैरसमज : बटण दाबायचं तर माउसचा बाण तिथे न्यायलाच हवा.

वस्तुस्थिती : जुन्या घडणीच्या विंडोज प्रोग्रॅममध्ये बटण, टेक्स्ट बॉक्स, यादी यांतली प्रत्येक वस्तू ही स्वतःच एक खिडकी असते. तिला ‘हँडल’ नावाचा क्रमांक असतो आणि तो त्या डेस्कटॉपवरच्या इतर प्रोग्रॅमनाही वापरता येतो. विंडोजच्या ‘फाइंडविंडो’ या फंक्शनने मुख्य खिडकी शोधायची, ‘फाइंडविंडोएक्स’ने तिच्या पोटातला रकाना गाठायचा. मजकूर भरायला ‘डब्ल्यूएम_सेटटेक्स्ट’ आणि बटण दाबायला ‘बीएम_क्लिक’ हे निरोप (मेसेज) पुरतात. बाण जागचा हलत नाही. एक पथ्य मात्र आहे : बटण डायलॉगमध्ये असेल आणि तो डायलॉग सक्रिय नसेल, तर ‘बीएम_क्लिक’ वाया जाऊ शकतो.

गैरसमज : ‘सेंडमेसेज’ आणि ‘पोस्टमेसेज’ एकच.

वस्तुस्थिती : दोन्ही फंक्शनं निरोपच पोहोचवतात, पण ‘सेंडमेसेज’ उत्तर मिळेपर्यंत दारात उभा राहतो, ‘पोस्टमेसेज’ चिठ्ठी रांगेत टाकून निघून जातो. ‘सेव्ह’ दाबल्यावर समोरचं सॉफ्टवेअर ‘खात्री आहे का?’ असा डायलॉग उघडत असेल, तर ‘सेंडमेसेज’ने क्लिक पाठवणारा प्रोग्रॅम तो डायलॉग बंद होईपर्यंत अडकून पडतो. आणि त्या डायलॉगचं ‘होय’ दाबायचं कामही त्याच्याच पुढच्या ओळीत लिहिलेलं असतं! इथे चिठ्ठी टाकलेलीच बरी.

उलट ‘डब्ल्यूएम_सेटटेक्स्ट’ची चिठ्ठी टाकता येत नाही. त्यात मजकुराचा पत्ता असतो आणि पाठवणारा थांबला नाही, तर त्या पत्त्यावर नंतर काय उरेल याची हमी नाही. म्हणून विंडोज असा निरोप रांगेत घ्यायलाच नकार देतं. समोरचा प्रोग्रॅम गोठला असेल अशी शंका असल्यास ‘सेंडमेसेजटाइमआउट’ वापरावं. ते ठरावीक वेळ वाट पाहून परत येतं.

गैरसमज : पडद्यावर बदल दिसला, म्हणजे काम झालं.

वस्तुस्थिती : सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. ड्रॉपडाउनमधला पर्याय ‘सीबी_सेटकरसेल’ने बदलला की पडद्यावर नवं नाव दिसतं. पण माणसाने यादीतून पर्याय निवडला की मुख्य खिडकीला जी ‘निवड बदलली’ अशी वर्दी जाते, ती या वाटेने जात नाही. पडद्यावर ‘पुणे शाखा’ दिसते, सॉफ्टवेअर मात्र आधीच्या शाखेतच नोंद करत राहू शकतं. ही वर्दी ‘डब्ल्यूएम_कमांड’ने मुख्य खिडकीला वेगळी द्यावी लागते.

गैरसमज : भरता येतं, तसं कुठूनही वाचताही येतं.

वस्तुस्थिती : दुसऱ्या प्रोग्रॅमच्या टेक्स्ट बॉक्सवर ‘गेटविंडोटेक्स्ट’ चालवलं, तर आतला मजकूर मिळत नाही. त्यासाठी ‘डब्ल्यूएम_गेटटेक्स्ट’ थेट पाठवावा लागतो. यातला मजकूर एका प्रोसेसच्या मेमरीतून दुसऱ्या प्रोसेसमध्ये नेण्याचं काम विंडोज स्वतः करतं.

लिस्टव्ह्यूसारख्या तक्त्याला ही सवलत नाही. 1024 आणि त्यापुढच्या क्रमांकांच्या निरोपांतले पत्ते विंडोज बदलून देत नाही, आणि लिस्टव्ह्यूचे निरोप 4096 पासून सुरू होतात. पाठवणाऱ्याच्या मेमरीतला पत्ता समोरच्या प्रोसेसमध्ये निरर्थक ठरतो, कधी समोरचा प्रोग्रॅम कोसळतोही. ‘व्हर्च्युअलअलॉकएक्स’ने समोरच्याच घरात, म्हणजे त्याच्या मेमरीत, जागा घेऊन तिथे मांडामांड करणं, हा त्यावरचा जुना तोडगा.

गैरसमज : कुठलाही प्रोग्रॅम कुणालाही निरोप धाडू शकतो.

वस्तुस्थिती : एकेकाळी जवळपास तसंच होतं. 2002 मध्ये ‘शॅटर अटॅक’ गाजला. साध्या प्रोग्रॅमने जास्त अधिकार असलेल्या प्रोग्रॅमच्या खिडकीला निरोप पाठवून आपला कोड त्याच्याकडून चालवून घ्यायचा, अशी ती युक्ती. त्यात ‘डब्ल्यूएम_टायमर’ निरोपाचा गैरवापर होत होता. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती फट बुजवली. पुढे विंडोज व्हिस्टापासून अधिकारांच्या खालच्या पातळीवरच्या प्रोग्रॅमचे बहुतेक निरोप वरच्या पातळीच्या दारातच अडवले जाऊ लागले. हिशेबाचं सॉफ्टवेअर ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं असेल आणि मदतनीस प्रोग्रॅम साधा असेल, तर ‘अॅक्सेस डिनाइड’ म्हणजे त्रुटी क्रमांक 5 पदरी पडते.

गैरसमज : दिसतं ते प्रत्येक बटण म्हणजे खिडकी.

वस्तुस्थिती : क्रोममधल्या वेबपानावरची, जावा स्विंगमधली किंवा डब्ल्यूपीएफमधली बटणं एकाच मोठ्या खिडकीवर रंगवलेली असतात. त्यांना स्वतःचं हँडलच नसतं. तिथे यूआय ऑटोमेशनसारखा मार्ग धरावा लागतो. दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर तोच वापरतात.

म्हणून कोड लिहिण्याआधी व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारं स्पाय प्लस प्लस उघडावं आणि हव्या त्या रकान्याला हँडल आहे का, ते पाहावं. मग एकच नोंद भरून, सेव्ह करून, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं. ती नोंद योग्य शाखेत सापडली, तरच उरलेल्या 399 कडे वळावं.