निर्वासित, आश्रयार्थी आणि वळिवडे

‘निर्वासित’ हा शब्द ‘वस्’ या धातूच्या प्रयोजक रूपापासून ‘निर्’ उपसर्ग लागून सिद्ध झाला आहे. घरातून काढून लावलेला, हा त्याचा मूलार्थ. हिंदीत रूढ असलेला ‘शरणार्थी’ हा शब्द याच्या उलट दिशेने पाहतो. मराठी शब्दात हाकलणाऱ्याची कृती आहे, हिंदी शब्दात आश्रय मागणाऱ्याची इच्छा. आश्रय देणाऱ्याची कर्तव्ये मात्र दोहोंपैकी एकाही शब्दात नाहीत. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने छळाच्या साधार भीतीने देशाबाहेर असलेल्यास निर्वासित मानले. ज्याच्या अर्जाचा निर्णय अद्याप लागलेला नाही तो आश्रयार्थी होय. भारताने या करारावर सही केलेली नाही. माण ज्या तालुक्यात आहे त्या मुळशीत १९२१ ते १९२४ या काळात धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तेथून उठविलेले शेतकरी शब्दार्थाने निर्वासितच, परंतु सरहद्द न ओलांडल्यामुळे कराराच्या व्याख्येत ते बसत नाहीत.

व्याख्या पुरी झाली म्हणजे आश्रय पुरा होतो असे नाही, हे कोल्हापूरनजीकच्या वळिवडे येथील उदाहरणावरून दिसते. १९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना सैबेरिया व कझाकस्तानकडे पाठविले. त्यांच्यापैकी काही १९४२ मध्ये इराणात पोहोचले आणि तेथून हिंदुस्थानात आले. वळिवड्याची वसाहत १९४३ मध्ये सुरू झाली. सुमारे पाच हजारांच्या या वस्तीत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती, कारण कर्ते पुरुष सैन्यात गेले होते किंवा वाटेतच मृत्यू पावले होते. जामनगरच्या संस्थानिकांनी बालाचडी येथे ठेवून घेतलेली मुलेही पुढे १९४६ मध्ये येथेच आणण्यात आली.

या वस्तीला केवळ अन्नछत्र समजणे चुकीचे ठरेल. तेथे पोलिश भाषेच्या शाळा, चर्च, रुग्णालय, नाट्यप्रयोग व बालवीर पथके होती. कारभाराचा बराचसा भाग रहिवासीच पाहत. मुंबईतील पोलिश वकिलातीच्या परिवारातील कीरा बानासिन्स्का यांनी मदतकार्याची घडी बसविली. बाजारातील स्थानिक व्यापाऱ्यांनी गिऱ्हाइकांची भाषा कामापुरती आत्मसात केली. भाषेच्या अभ्यासकाला यात विशेष काही वाटू नये: जेथे देवघेव असते तेथे शब्द जातात. वाटावे ते एवढेच की, आलेल्यांना आपली भाषा टाकावी लागली नाही.

खरी कसोटी १९४५ च्या जुलैत लागली. ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या नावाने ही वस्ती उभी होती, तेच कायद्याने उरले नाही. घरी परतावे तर घर बहुतांशी सोव्हिएत हद्दीत गेलेले. पुष्कळांनी पोलंडऐवजी ब्रिटन आणि अन्य देश पसंत केले. तोवर त्यांचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदतयंत्रणेने उचलला. १९४८ मध्ये वसाहत रिकामी झाली.

ती फार काळ रिकामी राहिली नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना त्याच बराकी देण्यात आल्या. ते ठिकाण आज गांधीनगर म्हणून, कापडाच्या घाऊक पेठेसाठी, प्रसिद्ध आहे.